गुण मिळाले, शिकवणं बदललं का?

‘ब्रह्मदेशच्या थिबा राजाला रत्नागिरीत कधी आणलं?’ उत्तर : १८८६. गुण एक. आता प्रश्न जरा फिरवू. ‘राजा १८८६ मध्ये रत्नागिरीत आला, थिबा राजवाडा १९१० मध्ये बांधून पूर्ण झाला. यावरून तुम्हाला कोणते प्रश्न पडतात?’ पहिल्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवणारं मूल इथे अडखळू शकतं. राजा म्हटला की राजवाडा, हे चित्र डोक्यात इतकं पक्कं असतं की मधली २४ वर्षं तो कुठे राहिला, एवढं बांधकाम ब्रिटिश सरकारने आपल्या कैद्यासाठी का केलं, हे विचारावंसंच वाटत नाही. सन पाठ झाला, पण काळाचा हिशेब कळला नाही. शिक्षकाला हे घटक चाचणीनंतर नव्हे, धडा चालू असतानाच कळायला हवं.

कागदोपत्री ही सोय आपल्याकडे आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्यानुसार महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. शिकता शिकता होतं ते आकारिक, सत्राअखेर होतं ते संकलित. आठवीला आकारिकचे ४० गुण, संकलितचे ६०. निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय अशी साधनंही ठरवून दिलेली. पण बऱ्याच ठिकाणी हे ४० गुण सत्र संपताना भरले जातात आणि वर्णनात्मक नोंदी बाजारातल्या तयार पुस्तकातून किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफमधून उतरतात. नोंदवही पूर्ण होते, दुसऱ्या दिवशीचा तास मात्र होता तसाच राहतो.

खरं तर मुलाच्या कामावर लिहिलेल्या शेऱ्याचं महत्त्व दाखवणारा एक अभ्यास इस्रायलच्या रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. मुलं आकडा पाहतात, शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडतात आणि वही मिटतात.

इतिहासासाठी नेमका प्रश्न कसा असावा, याचा धडा स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग यांच्या गटाने घालून दिला. त्यांनी अमेरिकेतल्या १६२१ मधल्या एका प्रसंगाचं चित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवलं. चित्राखाली त्याचं साल १९३२ असं लिहिलेलं होतं. प्रश्न असा : त्या काळचे वसाहतकरी आणि मूळ रहिवासी यांचे संबंध समजायला हे चित्र इतिहासकाराला उपयोगी पडेल का? मधल्या तीनशे वर्षांवर बोट ठेवणारे कॉलेजातही फार थोडे निघाले.

रत्नागिरीतल्या शिक्षकाला असा प्रश्न घरबसल्या मिळतो. आठवीच्या पुस्तकाची सुरुवातच ‘इतिहासाची साधने’ या पाठाने होते. त्याला जोडून हे विचारता येईल. अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी २००० साली आली. थिबाची पदच्युती आणि त्याचं रत्नागिरीतलं जिणं तिच्यात आहे. १८८६ मधली रत्नागिरी समजून घ्यायला ही कादंबरी पुरेसं साधन आहे का? दोन-तीन वाक्यांत कारण लिहा. तासाची शेवटची पाच मिनिटं, अर्धा कागद, गुण नाहीत.

उत्तरांचे ढोबळमानाने तीन गठ्ठे होतील. ‘पुस्तकात छापलंय म्हणजे खरंच’ म्हणणाऱ्यांना पुढच्या तासाला एकाच घटनेच्या दोन वेगवेगळ्या हकिकती शेजारी ठेवून वाचायला द्याव्यात. ‘कादंबरी खोटी असते, उपयोग शून्य’ म्हणणाऱ्यांना विचारावं, की मग आज लोक थिबाकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे कुठून कळणार? ज्यांनी मधली शंभरावर वर्षं टिपली, लेखक कोण आणि कधीचा हे पाहिलं, त्यांना राजवाड्यातल्या संग्रहालयात पाठवावं आणि तिथल्या वस्तू व फलक यांतलं त्या काळातलं काय, नंतरचं काय, हे शोधायला लावावं. रत्नागिरीतलंच टिळक जन्मस्थान किंवा १९३१ चं पतितपावन मंदिर घेऊनही असे प्रश्न रचता येतील.

‘वर्गात पन्नास मुलं, अभ्यासक्रम संपवायचा, त्यात सर्वेक्षणं आणि निवडणुकीची कामं, हे कधी करायचं?’ ही शिक्षकांची तक्रार खरी आहे, आणि अशैक्षणिक कामांचा बोजा सरकारनेच उतरवायला हवा. तरी पन्नास अर्धे कागद नुसते वाचून तीन गठ्ठे करायला तेवढ्याच उत्तरपत्रिका तपासण्याइतका वेळ लागत नाही. पंधरवड्यातून एकदा केलं तरी पुरे. राज्यपातळीवरच्या नियतकालिक चाचण्या भाषा, गणित आणि इंग्रजीच्या असतात. इतिहासात मुलं कुठे अडली हे त्या सांगणार नाहीत. ते शिक्षकानेच शोधायचं आहे.

पालकांनीही पुढच्या पालकसभेत ‘इतिहासात किती पडले?’ एवढ्यावर थांबू नये. ‘तो कुठे चुकतोय, आणि त्यासाठी वर्गात काय वेगळं करताय?’ हेही विचारावं. ज्या मूल्यमापनाने शिकवणं बदलत नाही, ते फक्त नोंदवहीच्या कामाचं.