रोग येथे, पदवी तेथे

उष्ण प्रदेशातील रोगांचे शास्त्र शिकावयाचे असेल, तर थंड प्रदेशातील विद्यापीठ गाठावे लागते, हा आधुनिक शिक्षणव्यवस्थेतील एक विलक्षण विरोधाभास आहे. हिवताप, काळा आजार, हत्तीरोग यांचे रुग्ण बिहारच्या, ओडिशाच्या, गडचिरोलीच्या आणि आफ्रिकेच्या खेड्यापाड्यांत. पण या रोगांवरील सर्वांत प्रतिष्ठित पदव्युत्तर अभ्यासक्रम मात्र लंडन, लिव्हरपूल, अँटवर्प आणि लिस्बन येथे. जागतिक आरोग्य आणि उष्णकटिबंधीय वैद्यक या विषयांतील पदवीसाठी तिसऱ्या जगातील डॉक्टर, परिचारिका आणि जीवशास्त्राचे पदवीधर दरवर्षी तिकडे जातात. काही शिष्यवृत्तीवर जातात, तर काही कर्ज काढून. त्यांनी जावे की न जावे, हा प्रश्न नव्हे. ज्ञानाला सीमा नसतात आणि नसाव्यात. प्रश्न असा आहे की, या पदवीची किंमत कोण देतो आणि तिचे फळ कोणाच्या पदरात पडते.

बंदरांवर जन्मलेले शास्त्र

या विद्याशाखेचा जन्म रुग्णालयात झाला, त्याहून अधिक तो बंदरांवर झाला. आफ्रिकेशी व्यापार करणारे लिव्हरपूलचे जहाजमालक आल्फ्रेड जोन्स यांनी १८९८ साली वार्षिक ३५० पौंडांची देणगी देऊ केली आणि तेथील उष्णकटिबंधीय वैद्यकाची संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी पॅट्रिक मॅन्सन यांच्या पुढाकाराने व वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्या पाठिंब्याने लंडनची संस्था निघाली. पाठोपाठ १९०० साली हॅम्बुर्ग, १९०२ साली लिस्बन आणि १९०६ साली ब्रुसेल्स. ही नावे नकाशावर मांडली, तर साम्राज्यांच्या राजधान्यांची आणि गोद्यांचीच यादी समोर येते. खलाशी, व्यापारी, सैनिक आणि अंमलदार हिवतापाने मरत होते. व्यापार चालवावयाचा तर ते जगणे आवश्यक होते. संस्था उभारणाऱ्यांच्या दृष्टीने ही परोपकाराइतकीच गुंतवणूक होती आणि गुंतवणूक करणाऱ्याला परतावा मिळाला, यात नवल ते काय?

गोव्याचा अनुभवही याच जातीचा आहे. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ची, म्हणजे लिस्बनच्या उष्णकटिबंधीय संस्थेहून साठ वर्षांनी जुनी. तिच्यातून बाहेर पडलेले डॉक्टर मोझांबिक, अंगोला येथील आरोग्यसेवेत राबले. उष्ण प्रदेशातील रोग त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. परंतु दर्जा आणि अधिकार यांत त्यांना पोर्तुगालमधील पदवीधरांच्या मागेच उभे राहावे लागे. अनुभव वसाहतीचा आणि शिक्कामोर्तब राजधानीचे, हा श्रमविभाग तेव्हापासूनचा आहे.

दर डासामागे एक आणा

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाच्या परोपजीवीची अवस्था दिसली. त्या डासांना आपले रक्त पाजणारा रुग्ण होता हुसेन खान. त्याला दर डासामागे एक आणा मिळाला. पुढे कलकत्त्यास रॉस यांनी पक्ष्यांमधील हिवतापाचे चक्र पूर्ण उलगडले. १८९९ साली ते हिंदुस्थान सोडून लिव्हरपूलच्या नव्या संस्थेत अध्यापक झाले आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रॉस यांचे श्रम आणि चिकाटी वादातीत आहेत. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. कच्चा माल येथला, प्रक्रिया अर्धी येथली, आणि तयार मालाची पेढी मात्र मर्सी नदीच्या काठी. कापसाच्या बाबतीत जे घडले, तेच ज्ञानाच्या बाबतीतही घडले.

यावर उतारा म्हणून येथे काहीच झाले नाही असे नव्हे. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेची पायाभरणी १९१४ साली झाली आणि पहिल्या महायुद्धानंतर तिचे कार्य सुरू झाले. १९३२ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने त्याच शहरात अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था स्थापन झाली. मुंबईत प्लेगच्या लशीचे काम करणाऱ्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेचे रूपांतर एका मोठ्या संस्थेत झाले. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी तर कलकत्त्यातील एका लहानशा खोलीत, पुरेशा साधनांवाचून, युरिया स्टिबामाइन हे औषध सिद्ध केले आणि काळ्या आजाराने मरणारे असंख्य लोक वाचले. बुद्धीची वाण येथे कधीच नव्हती. वाण होती ती सातत्याने पैसा पुरविणाऱ्या आणि शिकून तयार झालेल्या माणसाला योग्य जागी बसविणाऱ्या व्यवस्थेची.

काय शिकवितात?

अशा पदवीत नेमके काय शिकवितात, याविषयी आपल्याकडे बराच गैरसमज आहे. रोग्याला तपासून औषध लिहून देण्याचे हे उच्च शिक्षण नव्हे. साथरोगशास्त्र, जीवसांख्यिकी, कीटकशास्त्र, परोपजीवीशास्त्र आणि आरोग्याचे अर्थकारण हे त्यातील मुख्य विषय. एका रुग्णाऐवजी एका गावाची नाडी पाहण्याचे हे शिक्षण आहे, असे म्हणता येईल.

त्याचे मोल नारूच्या उदाहरणावरून ध्यानी येते. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील पायऱ्यांच्या विहिरींनी पिढ्यान्‌पिढ्या हा रोग पोसला. त्यावर लस नव्हती, जंत मारणारे औषध नव्हते. तरीही विहिरींत उतरण्याच्या पायऱ्या बंद करणे, पाणी कापडाने गाळून घेणे, पाण्यावर रासायनिक प्रक्रिया करणे आणि गावोगाव रुग्ण शोधणे एवढ्यावर १९८०च्या दशकात सुरू झालेली मोहीम यशस्वी झाली. देशातील अखेरचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून घोषित झाला. गाळण्याचे कापड स्वस्त होते. ते कोठे, केव्हा आणि कोणामार्फत पोहोचवावयाचे, हे ज्ञान मात्र स्वस्त नव्हते.

बाजार काय करतो आणि काय करीत नाही

हे ज्ञान बाजारावर सोपविता येत नाही, याचेही पुरावे पुरेसे आहेत. १९७५ ते १९९९ या काळात जगाच्या बाजारात १,३९३ नवी औषधे आली. त्यांपैकी उष्णकटिबंधीय रोग आणि क्षय यांसाठीची औषधे होती अवघी १६. गरिबाची गरज मोठी असते, पण बाजाराला गरज कळत नाही. त्याला क्रयशक्तीच्या पाठबळाची मागणीच तेवढी कळते. आफ्रिकेतील निद्रारोगावरील एफ्लोर्निथिन या औषधाचे उत्पादन १९९०च्या दशकात बंद पडले, कारण ते घेणाऱ्या रोग्यांजवळ पैसा नव्हता. पुढे तेच द्रव्य श्रीमंत देशांतील स्त्रियांच्या चेहऱ्यावरील केसांच्या मलमात उपयोगी ठरले. त्यानंतर, २००१ साली, डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या आग्रहाने आणि जागतिक आरोग्य संघटनेशी झालेल्या कराराने रोग्यांसाठीचा पुरवठा पुन्हा सुरू झाला. प्राण वाचविण्यासाठी जे परवडत नव्हते, ते सौंदर्यासाठी परवडले. पाठ्यपुस्तकातील कोणतीही आकृती बाजाराच्या मर्यादा याहून स्पष्ट करू शकणार नाही.

हप्त्याचे गणित

औषधाला जो नियम लागू, तोच पदवीलाही लागू होतो. ब्रिटनने १९८० पासून परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हापासून विकसनशील देशांतील विद्यार्थी तेथील विद्यापीठांच्या उत्पन्नाचे साधन होत गेला. मध्यमवर्गीय घरातील मुलगा किंवा मुलगी बँकेचे कर्ज काढून एका वर्षाची पदवी घेते. कर्ज मात्र दहा-पंधरा वर्षे फेडावे लागते. हा हप्ता रुपयांतील पगारातून, आणि तोही एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या किंवा कंत्राटी शासकीय पदाच्या पगारातून, कसा फेडावयाचा? तेव्हा ती व्यक्ती जिनिव्हातील, वॉशिंग्टनमधील किंवा दिल्लीतील सल्लागार संस्थेची वाट धरते. तिला दोष देणे सोपे आहे. वस्तुतः हा निर्णय तिने घेतलेलाच नसतो. तो शुल्कपत्रकाने तिच्यावतीने आधीच घेतलेला असतो.

जामखेड आणि गडचिरोली

परदेशातील पदवी माणसाला मातीपासून तोडतेच, असे मात्र नव्हे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९७० साली जामखेडच्या दुष्काळी मुलखात काम सुरू केले. फारशी अक्षरओळख नसलेल्या ग्रामीण स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीही त्याच विद्यापीठात १९८४ साली ही पदवी पूर्ण केली आणि १९८६ साली ते गडचिरोलीस स्थिरावले.

तेथे त्यांनी जे केले, ते या शिक्षणाचे खरे प्रात्यक्षिक होय. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघर नवजात बालकांची देखभाल केली. १९९९ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. २०११ साली ‘आशा’ स्वयंसेविकांमार्फत नवजात बालकांच्या गृहभेटींची योजना देशभर आली, तिच्यामागे हाच अनुभव आहे. या दोन्ही दांपत्यांनी परदेशातून आणली ती मोजण्याची पद्धत. प्रश्न मात्र त्यांनी गावाला विचारू दिला. पदवीचे मूल्य यातच आहे.

त्यागावर धोरण उभे राहत नाही

तथापि अशा उदाहरणांचा गौरव करून थांबणे हा एक प्रकारचा पळच होय. असामान्य त्यागाच्या भरवशावर कोणतेही राष्ट्र आपले धोरण आखीत नाही. सामान्य बुद्धीच्या, सामान्य कुटुंबातील, संसाराची काळजी असलेल्या पदवीधरालाही गडचिरोलीत किंवा नंदुरबारात काम करणे परवडले पाहिजे.

त्यासाठी तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. पहिली, रोगाच्या जवळचे शिक्षण. बँकॉकच्या माहिडोल विद्यापीठात उष्णकटिबंधीय वैद्यकाचे विभाग १९६० पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा उष्णकटिबंधीय रोगांवरील संशोधन कार्यक्रम ढाका, घाना, इंडोनेशिया, दक्षिण आफ्रिका येथील विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च उचलत आला आहे. आपल्याकडेही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९९७ साली सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी सुरू केली. पाया आहे, त्यावर मजले चढवावयाचे आहेत. दुसरी गोष्ट, परतीशी जोडलेली शिष्यवृत्ती. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांना नामांकित विद्यापीठांपर्यंत पोहोचविते. त्याच धर्तीवर, आदिवासी जिल्ह्यांत काही वर्षे काम केल्यास आरोग्यशिक्षणाचे कर्ज शासनाने फेडावे. तिसरी गोष्ट, पद. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांत सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र सेवासंवर्ग असावा असे सुचविले आणि २०२२ साली केंद्राने त्याची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. साथ मोजू शकणाऱ्या माणसासाठी कायम जागाच नसेल, तर त्याने शिकून परत यावयाचे कोठे?

यास खर्च येईल, हे उघड आहे. पण शिकलेल्या माणसाने परदेशी स्थायिक होण्याचाही खर्च असतो. तो अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच. तो आदिवासी पाड्यावरील आई भरते, आणि तिच्याकडून कोणी पावती मागत नाही. १८९८ साली लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने हिशेब करून ३५० पौंड दिले आणि ते शास्त्र त्याच्या जहाजांच्या कामी आले. ज्याने किंमत मोजली, त्याच्याच दारी ते ज्ञान गेले. आपल्या दारी ते यावे असे वाटत असेल, तर त्याची किंमत आपल्याच तिजोरीतून मोजावी लागेल.