अंगावरचे डाग मोजायला हवेत

तान्ह्या मुलाच्या पाठीवर किंवा मांडीवर दुधाळ कॉफीच्या रंगाचा सपाट डाग दिसला, की घरात ‘लासं आहे, राहू दे’ म्हणून विषय संपतो. डाग एखाद-दुसराच असेल तर ते योग्यही आहे, कारण निरोगी माणसांतही असे डाग सर्रास आढळतात. पण वयात येण्याआधी 5 मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा अधिक डाग असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप 1, म्हणजे एनएफ-1 या जनुकीय विकाराची शंका घ्यायलाच हवी. साधारण 3,000 जन्मांमागे एका बाळाला तो असतो. हे डाग दुखत नाहीत, खाजत नाहीत, म्हणूनच नजरेआड होतात. पण या विकाराची इतकी लवकर आणि विनाखर्च मिळणारी दुसरी खूण नाही, आणि म्हणून ते मोजले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

या विकारात अंगावर येणाऱ्या मऊ गाठी मज्जातंतूंपासून निघतात, हे फ्रीडरिख फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन वैद्यकतज्ज्ञाने 1882 मध्ये दाखवले. सतराव्या गुणसूत्रावरचे दोषी जनुक मात्र 1990 मध्ये हाती लागले. हे जनुक न्यूरोफायब्रोमिन नावाचे प्रथिन तयार करते आणि ते पेशींच्या वाढीला आवर घालते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी आणि मज्जातंतूंभोवतीच्या श्वान पेशी गर्भातल्या एकाच पेशीसमूहातून तयार होतात. त्यामुळे एकाच बिघाडातून कातडीवर डाग पडतात आणि मज्जातंतूंवर गाठी धरतात. डागाची पुढे गाठ होते, ही भीती निराधार आहे. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून डाग उमटले, हा आईवर ठेवला जाणारा ठपकाही तितकाच निराधार आणि क्रूर आहे. जवळपास निम्म्या रुग्णांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो. बाकीच्यांत तो आई किंवा वडिलांकडून आलेला असतो.

डागांनंतर, बहुधा शाळेत जाण्याच्या वयाच्या सुमारास, काखेत आणि जांघेत बारीक तपकिरी ठिपके उमटतात. ऊन न लागणाऱ्या जागी ठिपके यावेत, हेच लक्षणीय आहे. त्वचेतल्या गाठी सहसा वयात येताना सुरू होतात आणि गरोदरपणात वाढू शकतात. अशी गाठ बोटाने दाबली की आत जाते, जणू खाली कातडीला भोक आहे; बोट काढले की पुन्हा वर येते. कित्येकांना तिथे खाजही सुटते. लोक हे पाहून कुष्ठरोगाची शंका घेतात आणि दूर सरकतात. पण कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथली संवेदना कमी होते. एनएफ-1 चा डाग गडद असतो आणि तिथे स्पर्श व्यवस्थित कळतो. शिवाय एनएफ-1 संसर्गाने पसरत नाही.

मुळावर इलाज नसताना लहानपणीच निदान करून आईबापांना घोर का लावायचा, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे, पण डोळ्यांच्या नसेवरची गाठ बहुतेक वेळा सहा-सात वर्षांच्या आतच डोके वर काढते आणि त्या वयाचे मूल ‘नीट दिसत नाही’ असे सांगत नाही. निदान झालेले असेल तर दरवर्षी डोळे, पाठीचा कणा आणि रक्तदाब तपासला जातो. अभ्यासात मागे पडणारे मूल आळशी ठरण्याआधी त्याच्या अडचणीचे कारण कळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लेजियस सिंड्रोममध्येही असेच डाग आणि ठिपके असतात, पण गाठी होत नाहीत. म्हणूनच डाग मोजून थांबायचे नसते. शंका उरली तर जनुकीय तपासणी करायची असते, आणि आईवडिलांची कातडीही पाहायची असते.

खोलवर, जाळ्यासारख्या पसरणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठींची गोष्ट वेगळी. त्या बहुधा जन्मापासून असतात आणि वरची कातडी कधी काळपट, जाड किंवा केसाळ दिसते. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या अशा गाठींसाठी 2020 मध्ये अमेरिकेत सेल्युमेटिनिब या औषधाला लहान मुलांकरिता मान्यता मिळाली. यातली एखादी गाठ झपाट्याने वाढू लागली, कडक झाली किंवा सतत ठणकू लागली, तर ती कर्करोगाकडे वळल्याची शक्यता धरून लगेच तज्ज्ञाकडे जावे.