ना धन, ना ऋण

आमच्या घरी उर्दूतला 'जर्रा' हा शब्द नेहमी कानावर पडायचा. कवडशात तरंगणारा धुळीचा कण म्हणजे जर्रा. मराठीत आपण अणुरेणू म्हणतो. मी बी.ए. झालेला कवी माणूस. कण लहान आहे एवढे मला पुरते. शास्त्रज्ञाला मात्र त्या कणाचे वजनही जुळवावे लागते. ते जुळत नव्हते, म्हणून न्यूट्रॉन सापडला. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

अणूतला ऋण विद्युतभाराचा इलेक्ट्रॉन जे. जे. थॉमसन यांना १८९७ साली सापडला. अणूच्या मधोमध धन भाराचे इवलेसे केंद्रक असते, हे अर्नेस्ट रुदरफोर्ड यांनी १९११ साली दाखवले. त्या केंद्रकातला धन कण म्हणजे प्रोटॉन. पण हिशेबात खोट होती. हेलियमच्या केंद्रकावर भार दोन प्रोटॉनांचा, आणि वजन मात्र चारांचे! उरलेले वजन कुणाचे? १९२० साली रुदरफोर्ड यांनी तर्क केला की, केंद्रकात भार नसलेलाही एखादा कण असावा.

पण तो पकडायचा कसा? कण ओळखण्याची तेव्हाची सारी साधने विद्युतभारावर चालत. मराठीत धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज. ज्याच्या नावावर यांतले काहीच नाही, त्याची नोंद कुठल्या वहीत सापडणार?

रुदरफोर्ड यांचे शिष्य जेम्स चॅडविक मात्र चिवट होते. १९१३ साली ते बर्लिनला शिकायला गेले, आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्यांना बर्लिनजवळच्या रूलेबेन छावणीत डांबले. ती छावणी म्हणजे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, राहायला तबेले. तिथेही त्यांनी प्रयोग मांडले. त्या काळी जर्मनीत थोरियम घातलेली टूथपेस्ट विकत मिळे. किरणोत्सारी पदार्थ म्हणून त्यांनी तीच वापरली!

पुढे पॅरिसमध्ये आयरीन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी या दांपत्याला एक नवल दिसले. अल्फा कणांचा मारा केला की बेरिलियम या धातूतून अदृश्य किरण निघत, आणि ते मेणावर पडले की मेणातून प्रोटॉन वेगाने उडत. दोघांना वाटले, हे गॅमा किरण असावेत. १९३२च्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये चॅडविक यांनी ते वाचले आणि त्यांना ते पटेना. प्रकाशाच्या जातीचे किरण जड प्रोटॉनला इतक्या जोरात कसे उडवतील?

गोट्यांचा खेळ आठवा. सारख्या वजनाची गोटी नेम धरून मारली, तर मारलेली जागीच थबकते आणि दुसरी त्याच वेगाने पळते. दुसरी जड असेल, तर ती हळू सरकते. चॅडविक यांनी ते किरण हायड्रोजनवर सोडले, जड नायट्रोजनवर सोडले आणि दोघांचे वेग ताडून पाहिले. मारणाऱ्या गोटीचे वजन जवळजवळ प्रोटॉनइतके निघाले. भार शून्य. वजनाचा हिशेब जुळला. त्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्ये त्यांचे छोटेसे पत्र छापून आले आणि १९३५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

भार नसणे हेच या कणाचे बळ. धन केंद्रक धन कणाला दूर लोटते. न्यूट्रॉनला अडवायला मात्र दारावर कुणी नसते. तो सरळ आत शिरतो. १९३८च्या अखेरीस बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांच्या प्रयोगात न्यूट्रॉनच्या माऱ्याने युरेनियम दुभंगले. दुभंगताना त्यातून आणखी न्यूट्रॉन सुटतात, ते पुढचे अणू फोडतात. ही साखळी मोकाट सुटली की १९४५चे हिरोशिमा होते. तिला लगाम घातला की अणुभट्टी होते. आपल्या ट्रॉम्बेची 'अप्सरा' १९५६ साली सुरू झाली ती अशीच. भट्टीतले न्यूट्रॉन साध्या कोबाल्टचे कोबाल्ट-६० करतात, आणि त्याच्या किरणांनी कर्करोगावर उपचार होतात.

चॅडविक स्वतः अमेरिकेतल्या बॉम्बप्रकल्पात ब्रिटिश पथकाचे प्रमुख होते. बॉम्ब आता अटळ आहे, हे त्यांना १९४१ सालीच उमगले होते. तेव्हापासून झोपेसाठी गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि त्या कधी सुटल्या नाहीत, असे त्यांनी १९६९ साली एका मुलाखतीत सांगितले. न्यूट्रॉनला ना धन, ना ऋण. तो शोधणाऱ्याच्या खात्यावर मात्र ऋण राहून गेले, असे मला वाटते.