सव्वा महिन्याच्या आत

नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या तोंडातून सारखा फेस येत राहतो, पहिल्याच घोटाला ठसका लागतो, ओठ निळे पडतात. अशा वेळी डॉक्टर बाळाच्या तोंडातून पोटाकडे एक मऊ नळी सरकवून पाहतात. दहाएक सेंटिमीटरवर नळी अडली आणि पुढे जाईचना, तर निदान जवळपास झालेच. बाळाची अन्ननलिका मध्येच खुंटलेली आहे आणि बहुतेक वेळा तिचे खालचे टोक श्वासनलिकेला जाऊन मिळालेले आहे. साधारण तीन ते साडेचार हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष सापडतो. १९४१ मध्ये अमेरिकेत ॲन आर्बर येथे कॅमेरॉन हाइट यांनी अशी अन्ननलिका एकाच शस्त्रक्रियेत जोडून बाळ वाचवले. त्याआधी अशी बाळे जवळजवळ सगळीच दगावत.

ती नळी काही रुपयांची असते, आणि ती वेळेवर घातली गेली की पुढची वाट सोपी होते. बाळाच्या तोंडाला दूध, घुटी, मध काहीही लावायचे नाही, डोके थोडे उंच ठेवायचे, साचलेली लाळ खेचून काढत राहायचे, ऊब द्यायची आणि निघायचे. दोन दिवस घोट-घोट पाजून पाहिले, तर दूध आणि लाळ फुप्फुसांत उतरते, आणि मग उत्तम शल्यचिकित्सकाच्या हातातही बाळ आधीच थकलेले येते. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. ७४ देशांतल्या २६४ रुग्णालयांत पोटाचे आणि आतड्यांचे जन्मजात दोष घेऊन आलेल्या ३,८४९ बाळांचे पुढे काय झाले, हे तिने तपासले. श्रीमंत देशांत यांतली ५.६ टक्के बाळे दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४ टक्के, गरीब देशांत ३९.८ टक्के. शस्त्रक्रिया सगळीकडे त्याच होत्या. फरक पडला तो बाळ जंतुसंसर्ग घेऊनच दारात येते की नाही, गरजेला व्हेंटिलेटर मिळतो की नाही, शिरेतून पोषण देता येते की नाही, अशा गोष्टींनी. बालशल्यचिकित्सेतल्या प्रगतीचा आढावा घ्यायचा तर तो शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेरच्या या गोष्टींपासूनच घ्यायला हवा.

पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा त्यासाठी फार बोलका आहे. इथे वेळ मोजली जाते ती पाळ्यांमध्ये: पहिली, दुसरी, रातपाळी. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान ॲंटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा देशात पेनिसिलिन बनवणारा हा पहिला कारखाना होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला हात दिला होता. नवजात बाळावर शस्त्रक्रिया करून ते जगवणे शक्य झाले, त्यात प्रतिजैविकांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा या शहरातून जातो. पुढे मोटारी आल्या, दुचाकी आल्या, १९८२ मध्ये महापालिका झाली, आणि गेल्या पंचवीस वर्षांत चाकणच्या माळावर बड्या वाहनकंपन्या उतरल्या. त्यांच्या मागोमाग मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहारमधून तरुण जोडपी आली. मुले इथेच जन्मू लागली.

संत तुकारामनगरमध्ये महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. सगळे त्याला ‘वायसीएम’ म्हणतात. शहराबरोबरच खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नरकडूनही माणसे इथे येतात. पिंपरीतच डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, मोहननगरला ईएसआयचे, म्हणजे कामगार विमा योजनेचे, आणि पुण्यात ससून. म्हणजे नकाशावर अंतर थोडेच. पण मंचर किंवा राजगुरुनगरहून आजारी बाळ घेऊन निघालेल्यांना विचारावे की चाकणचा चौक, मोशी आणि भोसरी ओलांडायला किती वेळ लागतो. २६ जानेवारी २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावू लागल्या, ही मोठीच सोय झाली. तरी गाडी ही अर्धीच गोष्ट आहे. गाडीत बाळ गार पडले तर पोहोचल्यावरचे पहिले कित्येक तास नुसते त्याला सावरण्यात जातात. म्हणूनच आता आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी बाळ धरून नेण्याची पद्धत मान्य झाली आहे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे दोष आधीच ओळखून प्रसूतीच मोठ्या रुग्णालयात करणे. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत छातीच्या पडद्याचे भोक, पोटाबाहेर आलेली आतडी, पाठीच्या कण्यातला दोष असे बरेच काही दिसते. ही एक तपासणी कामावरचा खाडा टाळण्यासाठी राहून गेली, तर पुढे किती धावपळ होते हे प्रसूतिगृहातल्या परिचारिका रोज पाहतात.

मराठी घरात बाळाच्या पहिल्या दिवसांचे स्वतःचे पंचांग असते: पाचवी, बारसे, सव्वा महिना. बाळंतीण बहुधा माहेरी असते, बाप इथे कामावर. नेमक्या याच पंचांगाशेजारी शल्यचिकित्सकांचे दुसरे पंचांग चालू असते. पहिल्याच दिवशी शीची जागा आहे की नाही हे डोळ्यांनी पाहायचे. साधारण पाच हजारांत एका बाळाला ती नसते किंवा चुकीच्या ठिकाणी असते, आणि मुलींमध्ये हे नजरेतून सुटते. पहिल्या चोवीस तासांत बाळाने काळी शी केली का, हे विचारायचे. उलटी हिरवी झाली तर ती आतड्याला पीळ पडल्याची खूण समजायची आणि तसे नाही हे सिद्ध होईपर्यंत थांबायचे नाही. आणि दोन आठवड्यांनंतरही कावीळ उतरली नसेल, तर सव्वा महिन्याच्या आतच शीचा रंग पाहायचा.

हा शेवटचा मुद्दा जरा थांबून सांगण्यासारखा आहे. नवजात बाळाची कावीळ बहुतेक वेळा आपोआप जाते, त्यामुळे ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल’ हा सल्ला घरोघरी मिळतो. पण काही बाळांत यकृतातून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्याच बुजत जातात. अशा बाळाची शी पांढुरकी, मातकट होते आणि लघवी गडद पिवळी. जपानमधले मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. आतड्याचे एक वेटोळे थेट यकृताला जोडायचे. ती साठ दिवसांच्या आत झाली तर यश मिळण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती घसरत जाते. तैवानने २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आईला शीच्या रंगांचा एक तक्ता देण्यास सुरुवात केली, आणि तिथे ही बाळे लवकर शल्यचिकित्सकाकडे पोहोचू लागली. छापील कागदाच्या एका तुकड्याने केलेले हे काम कोणत्याही महागड्या यंत्राइतके मोलाचे आहे. वेळ निघून गेली तर उरते यकृतरोपण. १९९८ मध्ये दिल्लीत वीस महिन्यांच्या एका मुलावर, वडिलांच्या यकृताचा भाग घेऊन, भारतातले पहिले यशस्वी बाल-यकृतरोपण झाले. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. रोपण आता महाराष्ट्रातही होते. पण त्याचा खर्च, आयुष्यभराची औषधे आणि दाता शोधण्याची घालमेल पाहता, सव्वा महिन्याच्या आत शीकडे टाकलेली एक नजर किती मोठी आहे हे लक्षात येते.

घाई कुठे करायची हे जसे कळत गेले, तसे थांबायचे कुठे हेही. छातीच्या पडद्याला भोक असलेल्या बाळाला पूर्वी जन्मताच टेबलावर घेत; आता आधी त्याचे फुप्फुस आणि रक्ताभिसरण स्थिर करतात, मग काही दिवसांनी शिवतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या हर्नियाची शस्त्रक्रिया घरी सोडण्याआधीच करावी असा प्रघात होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, थोडे मोठे होईपर्यंत थांबलेल्या बाळांना गंभीर त्रास कमी झाल्याचे आढळले. याच्या उलट, खाली न उतरलेल्या वृषणाची शस्त्रक्रिया शाळेत जायच्या वयापर्यंत लांबवत, ती आता सहा महिन्यांनंतर आणि दीड वर्षाच्या आत करावी असे सांगतात. अपेंडिक्सचे काय? नुसत्या प्रतिजैविकांवर भागते का, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. २०२५ च्या आरंभी ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ९३६ मुलांच्या चाचणीत औषधांवर ठेवलेल्यांपैकी ३४ टक्के मुलांत वर्षभरात उपचार फसला, शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते.

सर्वांत मोठे परिवर्तन मात्र कोणत्याही एका शस्त्रक्रियेचे नाही, ते वेदनेबद्दलचे आहे. १९८० च्या दशकापर्यंत जगभर अनेक ठिकाणी अशी समजूत होती की तान्ह्या बाळाला दुखणे फारसे कळत नाही, आणि पुरेशी भूल त्याला झेपणार नाही. बाळ हलू नये एवढीच काळजी घेऊन शस्त्रक्रिया होत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कंवलजीत सिंग आनंद ऑक्सफर्डमध्ये काम करत होते. शस्त्रक्रियेनंतर बाळे इतकी खालावून का परततात, या प्रश्नाने त्यांना सोडले नाही. १९८७ मध्ये त्यांनी दाखवून दिले की वेदनाशामक नीट दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे शरीर शस्त्रक्रियेचा धक्का कितीतरी कमी घेते आणि त्यांच्यात गुंतागुंतही कमी होते. ज्यांना बोलता येत नाही त्यांचे दुखणे मोजून जगापुढे मांडणाऱ्या या कामाबद्दल प्रत्येक आईबापाने कृतज्ञ असावे.

त्यानंतर पुष्कळ काही बदलले. कमरेखालच्या शस्त्रक्रियांत पूर्ण भुलीबरोबर माकडहाडाजवळ बधिर करणारे इंजेक्शन देतात, त्यामुळे मूल जागे होते ते कळवळत नाही. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही’ हा नियमही मागे पडला आहे. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शनानुसार साधे पाणी शस्त्रक्रियेच्या एक तास आधीपर्यंत आणि आईचे दूध तीन तास आधीपर्यंत चालते. भुलीचा मेंदूवर परिणाम होईल ही पालकांची भीतीही तपासली गेली. तान्हेपणी एकदा, तासाभराहून कमी वेळ भूल दिलेल्या मुलांच्या बुद्धीत पाचव्या वर्षी फरक आढळला नाही, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्णालयांत मुलाला भूल लागेपर्यंत आईला आत थांबू देतात. काही ठिकाणी मूल बॅटरीच्या छोट्या मोटारीत बसून शस्त्रक्रियागृहात जाते. जिथे बापाच्या हातून रोज खऱ्या मोटारी तयार होतात, त्या शहरातल्या पोराला हे किती आवडेल!

छेद लहान झाले, हे तर डोळ्यांना दिसतेच. तीन मिलिमीटरची दुर्बीण नवजात बाळाच्याही छातीत जाते. मोठ्या आतड्याचा जो भाग जन्मतः हलतच नाही, तो पोट न उघडता शीच्या वाटेने काढण्याची रीत १९९८ मध्ये आली, आणि अनेक मुलांचे पोटावरच्या पिशवीचे महिने वाचले. यंत्रमानवही आले आहेत, पण पाच किलोच्या बाळात त्यांचे हात अजून अवजडच ठरतात. महाराष्ट्राला या शाखेची परंपरा जुनी आहे. परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ चे. बालशल्यचिकित्सक डॉ. स्नेहलता देशमुख सायन रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या आणि १९९५ ते २००० मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू. केईएमचे अधिष्ठाता राहिलेले डॉ. संजय ओक हेही बालशल्यचिकित्सकच, आणि मराठी वाचकांना त्यांचे लेखन परिचयाचे आहे.

फाटलेल्या ओठाला अजूनही ग्रहणाशी जोडतात आणि दोष आईच्या माथी मारतात. पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत स्थायिक झाले, पण १९६८ पासून दरवर्षी भारतात येऊन अशा दोषांवर मोफत शस्त्रक्रिया करत राहिले. अपंगत्व आले तरी चाकाच्या खुर्चीतून आले. पुण्यात भारतीय जैन संघटनेच्या शिबिरांत त्यांच्याकडे मुलांच्या रांगा लागत. २०११ मध्ये ते गेले. आता असा दोष शिबिराची वाट न पाहता सापडावा, यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत मुले तपासतात. पण बांधकामावरच्या किंवा भाड्याच्या एका खोलीतल्या ज्या मुलाचे नाव कोणत्याच अंगणवाडीच्या पटावर नाही, ते निसटते. औद्योगिक पट्ट्यात अशीच मुले जास्त.

पैशाची बाजू पूर्वीपेक्षा बरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुलांच्या शस्त्रक्रिया येतात, आणि संरक्षण आता कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत गेले आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या मुलांना ईएसआयचा आधार आहे. मात्र ईएसआयचा आजारपणाचा भत्ता मिळतो तो कामगार स्वतः आजारी पडला तर. मूल अतिदक्षता विभागात आणि कंत्राटी बाप बाहेर बाकावर, तर त्याचे खाडेच पडतात आणि ठेकेदार तेवढा पगार कापतो. उपचार मोफत असूनही मुलाला मुदतीआधी घरी नेणारे आईबाप बेफिकीर नसतात. त्यांना घरभाडे द्यायचे असते. मूल रुग्णालयात असताना बापाला भरपगारी रजा, ही बालशल्यचिकित्सेतली सुधारणाच मानली पाहिजे.

दिवाळीच्या दिवसांत एक गोष्ट सांगायलाच हवी. बॅटरीवर मिणमिणणाऱ्या पणत्या आता घरोघर आहेत, आणि त्यांत बहुधा बटणासारखी चपटी बॅटरी असते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच आतून जाळते. मूल एक वर्षाहून मोठे असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, असे अमेरिकेतले विषतज्ज्ञ सांगतात. पण मधासाठी थांबायचे नाही, निघायचे. आणि चिवड्यातला शेंगदाणा! श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा दुर्बिणीने काढणे हे आपल्याकडच्या बालशल्यचिकित्सकांचे नेहमीचे काम आहे. चार-पाच वर्षांपर्यंत तो कुटूनच द्यावा.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की गोष्ट संपत नाही, बऱ्याचदा तिथेच सुरू होते. जोडलेली अन्ननलिका आकसते आणि ती रुंद करून घ्यावी लागते. शीची जागा नव्याने केलेल्या मुलाला शाळेत जाण्याआधी शीवर ताबा यावा म्हणून वर्षानुवर्षे लक्ष द्यावे लागते. जन्मतः आत वळलेल्या पावलांसाठी इग्नासिओ पोन्सेटी यांची पद्धत आज जगभर वापरतात. दर आठवड्याला नवे प्लास्टर, अशी पाच-सहा, मग टाचेमागच्या शिरेवर एक बारीक छेद, आणि त्यानंतर दांडीने जोडलेले बूट. पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर, पुढे चार वर्षांचे होईपर्यंत रोज रात्री. बूट सुटले की पाऊल पुन्हा वळू लागते, आणि ते बहुतेकदा सुटतात ते गावी गेल्यावर.

दिवाळीचा बोनस होईल, कारखान्यांना सुट्टी लागेल, आणि वायसीएमपासून जवळच असलेल्या वल्लभनगरच्या एसटी स्थानकावर लातूर, नांदेड, जळगावच्या गाड्यांना उभे राहायला जागा उरणार नाही. त्या गर्दीत एखाद्या आईच्या पिशवीत नव्या कपड्यांखाली ते दांडीचे बूट असतील. रात्री एसटीत मूल झोपले की तिने ते काढून त्याच्या पायांत घालावेत, शेजारचे काय म्हणतील याची लाज न बाळगता, आणि शेजारच्याने तिला पट्टा आवळायला थोडी जागा करून द्यावी.