अभ्यास करणारा कृष्णवर्णीय प्राध्यापक

अमेरिकी कादंबरीत कृष्णवर्णीय विद्वान भेटतो, पण अभ्यासात गढलेला क्वचितच. राल्फ एलिसन यांच्या ‘इनव्हिजिबल मॅन’मध्ये (१९५२) कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचे प्रमुख डॉ. ब्लेडसो ज्ञानापेक्षा गोऱ्या देणगीदारांची मर्जी जपतात. एलिसन स्वतः टस्कीगी संस्थेत शिकले होते, तेव्हा हे चित्र ऐकीव नव्हे. पर्सिव्हल एव्हरेट यांच्या ‘इरेझर’चा (२००१) नायक इंग्रजीचा प्राध्यापक. ग्रीक अभिजात साहित्यात रमलेले त्याचे लेखन पुरेसे कृष्णवर्णीय नाही म्हणून डावलले जाते आणि संतापून लिहिलेले वस्तीजीवनाचे विडंबन मात्र तुफान खपते. (‘अमेरिकन फिक्शन’ हा २०२३ चा चित्रपट यावरूनच.) दोन्हीकडे प्रश्न विद्वत्तेचा नाही, तिला मान्यता कोण देणार याचा आहे.

विद्यापीठीय कादंबऱ्यांत गोरे प्राध्यापक तरी कुठे अभ्यास करताना दिसतात, असे कुणी विचारील. खरे आहे. मात्र किंग्जली एमिस यांच्या ‘लकी जिम’मधली (१९५४) फजिती एकट्या जिमची असते, ती कुणी त्याच्या वंशाच्या खाती मांडत नाही. शिवाय संशोधन कथेत रंगत नाही, हा समज डेव्हिड ब्रॅडली यांनी ‘द चेनीझव्हिल इन्सिडन्ट’मध्ये (१९८१) खोडून काढला. त्यांचा इतिहासकार नायक वडिलांच्या मृत्यूचा माग काढत पळून आलेल्या १३ गुलामांच्या अंतापर्यंत पोहोचतो. टिपणे, पुरावे आणि पुराव्यांतल्या रिकाम्या जागा यांतूनच कथानक घडते. १९८२ चा पेन/फॉकनर पुरस्कार मिळवणारी ही कादंबरी आधी वाचावी.