ऑपरेशनची तारीख का हुकते?

लग्नसराईत एक दिवस दुकान बंद ठेवणे किती महाग पडते, हे कापडाच्या व्यापाऱ्यास सांगायला नको. मागे अशाच दिवसांत आम्ही थोरल्या भावाला हर्नियाच्या ऑपरेशनसाठी खामगावहून अकोल्यास नेले. दुकान बंद, गाडीभाडे, सोबत दोन माणसे. सकाळी रक्तातील साखर तपासली, तर ती फार वाढलेली. त्यात भावाने पहाटे दुधाचा चहा घेतलेला. ऑपरेशन रद्द!

आम्ही डॉक्टरांवर रागावलो. पण घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा उमजले की चूक त्या सकाळची नव्हती. तारीख महिनाभर आधी मिळाली होती. मधल्या दिवसांत आम्हाला कोणी काही विचारले नाही, आम्हीही काही सांगितले नाही. नुकसान आमचे एकट्याचे नव्हते. त्या वेळेत दुसऱ्या एखाद्या गरजूचे ऑपरेशन झाले असते.

तागा उलगडून पाहिल्याशिवाय आपण कात्री लावत नाही. भूल देण्यापूर्वीची तपासणी, ज्याला आपण 'फिटनेस' म्हणतो, ती हेच काम करते. ती आदल्या रात्री न करता एक-दोन आठवडे आधी व्हावी. म्हणजे साखर, रक्तदाब किंवा कमी हिमोग्लोबिन यांवर इलाज करायला अवधी मिळतो.

या तपासणीस जाताना चालू औषधांच्या सर्व पट्ट्या सोबत न्याव्यात. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या ऑपरेशनपूर्वी काही दिवस थांबवाव्या लागतात. मात्र त्या आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत; हृदयात स्टेंट असलेल्यास त्यात जिवाचा धोका असतो. दमा, पूर्वीच्या भुलेचा त्रास, तंबाखू-बिडीची सवय, घरातील सिकलसेल, काहीही लपवू नये. मध्येच ताप-खोकला झाला तर त्याच दिवशी दवाखान्यास कळवावे.

उपाशी राहण्याचे कारणही समजून घ्यावे. भुलेत उलटी होऊन पोटातले अन्न फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून मोठ्या माणसास साधारणपणे हलके जेवण सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. दुधाचा चहा पाण्यात नव्हे, अन्नात मोजतात. नेमकी वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून (२०१२ साली राजीव गांधी यांच्या नावाने सुरू, २०१७ पासून हे नाव) उपचार घ्यायचे असल्यास पूर्वमंजुरी लागते. तेव्हा रेशनकार्ड व ओळखपत्र आधीच दाखवावे.

व्यापारी बांधवांना एक विनंती. आपल्या दुकानातील नोकराचे ऑपरेशन ठरले तर तपासणीसाठी त्याला एक दिवसाची भरपगारी रजा द्यावी. त्यामुळे त्याची दुसरी खेप वाचते आणि आपलेही खाडे वाचतात.

भावाची साखर तीन आठवड्यांत आटोक्यात आली. दुसऱ्या तारखेस ऑपरेशन सुखरूप पार पडले. त्या दिवशी आम्ही दुकानही उघडे ठेवले होते.