समलिंगी प्रेमकथेतील विनोद

वैशाखातील संध्याकाळी, बोर धरणाकडून येणाऱ्या वाऱ्याची वाट पाहत बसलेल्या हिंगणीच्या श्रोत्यांपुढे हा विषय मांडताना आम्ही थोडे बिचकलो होतो, हे प्रथमच कबूल केलेले बरे. प्रेमकथा म्हटली की कुणाची हरकत नसते. विनोदी प्रेमकथा म्हटली की मंडळी सरसावून बसतात. पण तिच्यामागे ‘समलिंगी’ हे विशेषण लागले की सभेत चुळबूळ सुरू होते. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या प्रेमाच्या हलक्याफुलक्या गोष्टी आज अनेक देशांत आवडीने वाचल्या जातात. त्यांत वाचकांना एवढे गोड काय लागते, हा आमचा प्रश्न आहे.

आधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. या विषयावर हसणे आपल्याकडे नवे नाही. आपल्या विदर्भातील खडी गंमतीत पुरुषच लुगडे नेसून नाचतो आणि त्याच्या लचकण्यावर सारा गाव हसतो. लहानपणी आम्हीही पोट धरून हसलो आहोत. अशाच एका रात्री आमच्या शेजारचा एक तरुण मात्र मान खाली घालून बसला होता. तो का हसत नाही, हे कळायला आम्हांला पुष्कळ वर्षे लागली. कलावंत आपली कला दाखवीत होता. पण प्रेक्षकांतून जे शेरे येत होते, ते त्या तरुणाला लागत होते. कुणाला हसणे वेगळे आणि कुणाबरोबर हसणे वेगळे. आम्ही ज्या कथांविषयी बोलत आहोत, त्या दुसऱ्या प्रकारच्या होत.

आता या विनोदाची घडण पाहू. आचार्य अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’मध्ये मावशी हा पुरुष आहे, हे प्रेक्षकांना ठाऊक असते, रंगमंचावरच्या पुष्कळांना नसते. सारी गंमत त्या ठाऊक असण्यात आहे. समलिंगी प्रेमकथेत असे गुपित बाहेरून आणावे लागत नाही. ते घरातच असते. मुलगा आपल्या जिवलगाला ‘खोलीतला मित्र’ म्हणून घरी आणतो. आई त्याला आग्रहाने वाढते. आत्या दोघांसाठीही स्थळे सुचविते. आणि अशी मैत्री हल्ली पाहायला मिळत नाही म्हणून वडील कौतुक करतात. वाचक गालातल्या गालात हसतो. पण ज्याला प्रत्यक्षात असे गुपित रोज सांभाळावे लागते, त्याचे हसणे अधिक खोल असते. एरवी तो चारचौघांत एकटाच जाणता असतो. गोष्ट वाचताना लेखक आणि इतर वाचक त्याच्या बाजूने जाणते होतात.

दुसरे कारण असे की, या जोडप्यापुढे रूढीने आखलेली वाट नसते. मागणी कुणी घालायची, चहा कुणी करायचा, रुसायचे कुणी आणि समजूत कुणी काढायची, हे सारे त्यांना नव्याने ठरवावे लागते. त्या ठरवाठरवीत आपल्याच संसारातील रीतिरिवाज आपल्याला नव्याने दिसतात आणि त्यांतील काही चक्क हास्यास्पद वाटतात. म्हणूनच या कथांचा वाचकवर्ग समलिंगी माणसांपुरता मर्यादित नाही. जपानात १९७० नंतर दोन मुलांच्या प्रेमाच्या चित्रकथा मुख्यतः स्त्रियांनी रचल्या आणि मुलींनी वाचल्या. दोन्ही प्रेमी बरोबरीचे असलेली प्रीती पाहण्यात त्या मुलींना सुख वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, ते म्हणजे सुखान्त. देवासच्या मराठा संस्थानात १९२१ साली महाराजांचा चिटणीस म्हणून राहिलेला इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याने १९१३-१४ मध्ये ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली. तिचा शेवट सुखाचाच हवा, असा त्याचा हट्ट होता. शेवटी नायक मेला असता तर पुस्तक छापणे सोपे गेले असते, असे त्याचे मत होते. अखेर ती त्याच्या मृत्यूनंतर, १९७१ साली प्रसिद्ध झाली. समाजाला अशा प्रेमाचे दुःख चालते, सुख चालत नाही, हाच याचा अर्थ.

आपल्याकडे काय दिसते? विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ची (१९८१) नायिका आत्मघात करते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) भाऊ आणि बहीण एकाच तरुणावर जीव टाकतात, आणि दोघांच्याही वाट्याला विरह येतो. या कृतींचे मोल आम्ही मानतोच. परंतु ताटात केवळ कारल्याची भाजी असली, तर जेवणारा पोळीवर गूळ मागणारच.

विनोदाने विषयाची खोली जाते, असा आक्षेप श्रोत्यांतून आला. त्याला उत्तर म्हणून आम्ही २०२० च्या ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ या हिंदी चित्रपटाकडे बोट दाखविले. त्यातील बाप शेतीशास्त्रज्ञ आहे. स्वतः काळा फ्लॉवर निर्माण करण्यात त्याला निसर्गाची अडचण वाटत नाही. मुलाचे एका तरुणावरचे प्रेम मात्र त्याला पचत नाही. येथे हसू येते ते बापाच्या तर्कशास्त्राचे, मुलाच्या प्रेमाचे नव्हे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून रूढींना असेच चिमटे काढले होते. विनोदाचा रोख कुणावर आहे, एवढे पाहिले की पुरे.

मात्र सुखान्त खोटाही असू नये. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क दिला नाही. तेव्हा गोष्टीत मंगलाष्टके झाली, तरी ती कायद्याच्या दप्तरात उतरत नाहीत, याचे भान लेखकाने ठेवावे. अडचण लपविण्यात विनोदाचे काम नाही. अडचणीसकट माणूस जगतो, हे त्याने दाखवावे.

खडी गंमतीच्या रात्रीचा तो तरुण आता म्हातारा झाला असेल. हसणाऱ्या गावात तो न हसता बसला होता, आणि हसणाऱ्यांत आम्हीही होतो. त्याला मनमोकळे हसता येईल अशी एक गोष्ट आपल्या वऱ्हाडी बोलीत कुणी लिहिली, तर आमच्या डोक्यावरचे जुने ऋण थोडे तरी फिटेल.